कागदामागं चालणारे गफूरभाई

माझी लेक पुण्याला एका कंपनीत आहे. मागच्या महिन्यात कंपनीनं तिला दोन दिवस कुठल्याशा मोठ्या हॉटेलात शिकायला पाठवलं. परत आल्यावर फोनवर मला सांगत होती, "आई, उद्याचं काम कसं असेल, यावर होतं सगळं. फळ्यावर गोल काढायचे, बाण काढायचे. एकटा माणूस काय करतो ते सुटं बघायचं नाही. त्याच्या आधी काय होतं, नंतर काय होतं, सगळी साखळी बघायची. आणि माणसाला मधे ठेवून कामाचा विचार करायचा." मी विचारलं, "जेवायला काय होतं?" ती चिडली. तिला वाटलं, आईला काही कळलं नाही. मला चांगलं कळलं होतं. हे सगळं मला लातूरला एका पत्र्याच्या खोलीत गफूरभाईंनी एका दिवसात शिकवलं होतं, आणि डबा माझा मीच नेला होता.

गफूरभाई नांदेडचे. त्यांचे वडील पुस्तकं बांधायचे, आजोबाही तेच करायचे. घरात खळ, सुतळी आणि पुठ्ठा यांच्या वासात वाढलेला माणूस. अंगानं काटकुळा, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी हाडाची एक गुळगुळीत पट्टी. कागदाची घडी बसवायला बाइंडर लोक वापरतात ती. बोलताना ती पट्टी बोटांत फिरवत राहायचे. नवीन माणसाला वाटायचं, हा आता मारतोय की काय.

लातूरला तेव्हा क्लासेसचं पीक आलं होतं. भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली असतील. गल्लोगल्ली होस्टेलं, मेस, दोरीवर वाळत घातलेले पोरांचे बनियन, आणि चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. आमच्या क्लासात दर मंगळवारी आणि शनिवारी परीक्षा असायची. चार पर्यायांतला एक गोल पोरांनी काळा करायचा. त्या हजारभर उत्तरपत्रिका तपासायला एक खोली होती आणि खोलीत आम्ही अकरा बायका. तपासायचं म्हणजे काय, तर बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडलेला एक पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा. भोकातून काळं दिसलं की बरोबर, पांढरं दिसलं की चूक. मोजायचं आणि वर आकडा टाकायचा. ते पुठ्ठे कापणारे, भोकं पाडणारे आणि खोली चालवणारे म्हणजे गफूरभाई.

मी तिथं कामाला गेले तेव्हा माझ्या अंगात काही राहिलेलं नव्हतं. गाव भुईसपाट झालेलं, आम्ही लातूरला येऊन राहिलेलो, नवरा आडत बाजारात हमालांच्या हजेऱ्या लिहायचा. मी दहावी झालेली. गफूरभाईंनी गाव विचारलं. मी नाव सांगितलं. आता हा माणूस विचारणार की घरातलं कोण गेलं, आणि मग तोंडानं च्च च्च करणार, म्हणून मी आधीच मान खाली घातली. असं करणाऱ्यांचा मला मनापासून राग यायचा. पट्टी फिरवत ते म्हणाले, "तुमच्याकडं जास्त काय आलतं?"

मला समजेचना. मग एकदम समजलं, भूकंपानंतरच्या मदतीचं विचारतायत, आणि मी म्हणाले, "लुगडी. आणि बिस्किटं."

"आणि आलं न्हाई काय?"

"तवा," मी म्हणाले. "महिनाभर तवा नव्हता."

"हाव," ते म्हणाले. "उद्यापासून या."

त्यामागची गोष्ट नंतर कळली. भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या मोहल्ल्यानं चादरींचा ट्रक भरला आणि गफूरभाई त्यासोबत आले. बघतात तर डांबरी रस्त्याच्या कडेच्या गावात चादरींचा ढीग चिखलात पडलाय, आणि दोन कोस आत गेलं तर माणसं पोत्यावर झोपून राहिलीत. एका म्हातारीकडं सात चादरी होत्या, पाणी प्यायला पेला नव्हता. "सगळे चांगले लोक होते बाई," ते सांगायचे. "देणारे चांगले, आणणारे चांगले, वाटणारे तर दोन-दोन दिवस झोपले न्हाईत. एकबी माणूस वाईट नव्हता, आणि तरी म्हातारीला पेला न्हाई. मला तिथं पहिल्यांदा भीती वाटली. वाईट माणूस असता तर त्याला धरलं तरी असतं." मग चादरी उतरवून ते नांदेडला परत गेलेच नाहीत. फाट्यावर उभे राहिले. येणारा ट्रक थांबवायचे, आत काय आहे विचारायचे आणि कुठल्या गावाला काय कमी आहे ते सांगून पाठवायचे. आठ दिवस त्यांनी स्वतः कुणाला काहीच दिलं नाही, नुसते फाट्यावर उभे होते. मोहल्ल्यातले लोक चिडले, की आम्ही तुला सेवा करायला पाठवलं आणि तू रस्त्यात उभा राहून आलास.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन कामाला गेले तर म्हणाले, "आज काम न्हाई. आज कागदामागं फिरा." ही त्यांची पद्धत होती. नवीन बाई आली की पहिला दिवस तिनं पुठ्ठ्याला हात लावायचा नाही. एक उत्तरपत्रिका धरायची आणि ती जाईल तिथं जायचं. परीक्षेच्या हॉलमधे पोराच्या शेजारी बसायचं, गठ्ठा बांधणाऱ्या शिपायाबरोबर चालायचं, खोलीत तपासणारीच्या मागं उभं राहायचं, मग गुण चढवणाऱ्याकडं, मग यादी लागते त्या भिंतीपाशी, आणि शेवटी त्या पोराच्या हातात कागद परत जाईपर्यंत. मला वाटलं, चेष्टा करून राहिलेत. चपला झिजवत दिवसभर एका पोराच्या कागदामागं हिंडले. संध्याकाळी त्या पोरानं भिंतीवर आपला आकडा बघितला आणि खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती. त्या दिवसानंतर मी एकही आकडा घाईत टाकला नाही.

खोलीत त्यांचं टेबल दाराजवळ होतं आणि त्यांची पाठ आमच्याकडं असायची. मोठ्या सरांनी, म्हणजे क्लासच्या मालकांनी, एकदा विचारलंही की बायकांकडं तोंड करून का बसत नाही. भाई म्हणाले, "बायांवर नजर ठिवून काय करू? नजर येणाऱ्या कागदावर पायजे." कागद वेळेवर आणि नीट येतोय का, एवढंच ते बघायचे. गठ्ठा उलटसुलट आला की तसाच उचलून परत हॉलकडं निघायचे, भांडायला नाही, विचारायला.

विचारणं हे त्यांचं व्यसन होतं. आमच्यातली कुणी तक्रार घेऊन गेली, की अमकीनं असं केलं, तर ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "आणि त्याच्या आधी काय झालं?" आपण सांगायचं. ते परत, "आणि त्याच्याबी आधी?" तिसऱ्या वेळेला आपण आपल्यावरच येऊन पोचायचो, किंवा छतावरच्या गळक्या पत्र्यावर. डोकं फिरायचं. हा माणूस सरळ कुणाला रागवत का नाही, असं वाटायचं. आम्ही त्यांच्या माघारी नक्कल करायचो. घरी नवरा भाजी खारट झाली म्हणून ओरडला की मी पण म्हणायचे, "आणि त्याच्या आधी काय झालं?" नवरा म्हणायचा, तुझा तो भाई मला एकदा दाखव.

पण त्या विचारण्यातूनच त्यांना कळलं की आमच्या चुका साडेअकरानंतर वाढतात. आम्ही दमतो असं सरांना वाटायचं. भाईंनी एकेकीला विचारलं तेव्हा निघालं की बारा वाजता पोरांच्या शाळा सुटतात आणि अर्ध्याजणींचा जीव घरी गेलेला असतो. त्यांनी पंख्याची मागणी केली नाही, की आम्हाला भाषणही दिलं नाही. बाराच्या सुमाराला एक तास खोली बंद ठेवली आणि संध्याकाळी तेवढा वेळ वाढवला. पोरांना घेऊन आलात तरी चालेल, म्हणाले, फक्त पाण्याच्या माठावरचं झाकण काढू देऊ नका. माठ उघडा दिसला की मात्र गफूरभाई खरोखर ओरडायचे. सगळ्या जगाला शांतपणे समजून घेणारा हा माणूस माठाच्या झाकणापायी कुणाचीही इज्जत काढायचा.

सगळंच जमायचं असंही नाही. एकदा होस्टेलच्या मेसमधे रांगेवरून मारामारी झाली. भाईंनी आपल्या टेबलावर बसूनच कागदावर दोन रांगा आखून दिल्या, भाताची वेगळी आणि पोळीची वेगळी. दुसऱ्या दिवशी दोन्ही रांगा वरणाच्या पातेल्यापाशी एकमेकींत घुसल्या आणि निम्मी पोरं वरणावाचून उठली. भाई स्वतः मेसमधे गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी चूक झाली. मी हितं उभा राहिलो न्हाई, नुसतं ऐकून केलं." पुढचे तीन दिवस ते जेवणाच्या वेळेला त्या पातेल्यापाशी उभे होते. माणूस चुकला तरी त्याचा रागच येऊ नये अशी त्यांची चुकायची पद्धत होती.

आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या होत्या कुसुमबाई, देवणीच्या. तोंडानं फटकळ. आमच्याकडच्या बैलासारखा बैल दुनियेत नाही, हे त्यांचं आठवड्यातून एकदा तरी सांगून व्हायचं. त्यांच्याकडून एका मंगळवारी अख्खा गठ्ठा चुकला. पुठ्ठा उलटा ठेवला गेला. वरची बाजू खाली झाली, भोकं भलत्याच गोलांवर आली, आणि हुशारातल्या हुशार पोरांना चार आणि सहा गुण पडले. यादी लागली आणि क्लासात हाहाकार झाला. एकाचे वडील कंधारहून जीप करून आले. मोठे सर लालबुंद होऊन खोलीत आले आणि कुसुमबाईंना म्हणाले, "एवढे कमी गुण पडून राहिलेत, तुम्हाला संशय आला नाही?"

कुसुमबाई म्हणाल्या, "मला वाटलं फिजिक्सचा पेपर हाय. त्या सरांच्या पेपरला पडतात की पोरं असंच."

फिजिक्सचे ते सर म्हणजे स्वतः मोठे सरच. कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी खाली बघितलं. सर म्हणाले, "उद्यापासून ही बाई इथं नको."

गफूरभाईंनी पट्टी खिशात ठेवली. "सर, एक मिनिट ठैरा." त्यांनी टेबलावर एक उत्तरपत्रिका आणि एक पुठ्ठा ठेवला आणि आम्हाला एकेकीला डोळे मिटून पुठ्ठा वर ठेवायला लावला. अकराजणींपैकी चौघींनी उलटा ठेवला. मी त्यात होते. मग ते सरांना म्हणाले, "आता तुम्ही." सर मोठे होते, पण खेळाडू वृत्तीचे होते. त्यांनी डोळे मिटले, पुठ्ठा ठेवला आणि डोळे उघडले. उलटा. भाईंनी कातर घेतली आणि पुठ्ठ्याचा उजवा वरचा कोपरा तिरका कापून टाकला. मग उत्तरपत्रिकेचाही तोच कोपरा कापला. "आता आंधळ्यानं ठिवला तरी उलटा बसत न्हाई," म्हणाले. "पुठ्ठ्याच्या चारी बाजू सारख्या मी कापल्या. म्हंजी काढायचंच झालं तर मला काढा." कुसुमबाई राहिल्या. प्रेसला सांगून पुढच्या सगळ्या उत्तरपत्रिका कोपरा कापूनच यायला लागल्या. चार वर्षांत परत एकही पुठ्ठा उलटा बसला नाही.

मग यंत्र आलं. त्याच्या पोटात गठ्ठा घातला की सरसर कागद ओढून आकडे काढून देणारं यंत्र. बसवायला आलेला माणूस म्हणाला, "तुमच्या या खोलीचं दिवसभराचं काम हे चहा पिऊन होईपर्यंत करेल." त्याला बिचाऱ्याला वाटलं आम्ही खूश होऊ. मला तर घराचं भाडं, पोरीची शाळा, सगळं डोळ्यासमोर दिसायला लागलं. गफूरभाई मात्र नवी सायकल मिळाल्यासारखे त्या यंत्राभोवती फिरत होते. चुरगळलेला कागद घालून बघ, ओला घालून बघ, अर्धवट काळा केलेला गोल घालून बघ. मला त्यांचा भयंकर राग आला. मी तोंडावर म्हणाले, "भाई, हे आमचं काम खाणार, आणि तुम्ही त्याला ओवाळून राहिले."

"खाणार," ते म्हणाले. "न्हाई खाणार असं खोटं बोलणार न्हाई मी. कोणतं काम खातंय, तेवढं आधी बघू द्या."

महिनाभर यंत्राची चाचणी होती. आम्ही नुसते गठ्ठे सारखे करून द्यायचे. त्या महिन्यात एक मुलगी होस्टेलमधून निघून गेली. सरिता. किनवटच्या जंगलातल्या एका पाड्यावरची, आश्रमशाळेत शिकून आलेली, कुणाशी न बोलणारी. लागोपाठ तीन परीक्षांत तिला जवळजवळ काहीच गुण पडले नव्हते. यंत्रानं आकडा दिला, आकडा भिंतीवर लागला, आकड्याप्रमाणे तिला सगळ्यात खालच्या बॅचला टाकलं, आणि ती पेटी घेऊन बसस्टँडला गेली. होस्टेलच्या बाईंना जेवणाच्या वेळेपर्यंत पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी निरोप आला की पोचली घरी, पण आता शिकायचं नाही म्हणते.

भाईंनी तिच्या तिन्ही उत्तरपत्रिका काढून कुसुमबाईंपुढं ठेवल्या. कुसुमबाईंनी पुठ्ठे वर ठेवले नाहीत, शेजारी धरून नुसत्या बघितल्या. आठ-दहा प्रश्नांवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं माय, ही पोरगी चुकली न्हाई. एक ओळ खाली सरकलीय." खरंच तसं होतं. तिन्ही कागदांत सुरुवातीचाच एखादा प्रश्न तिनं सोडला होता, पण त्याची ओळ सोडायची राहिली, आणि तिथून पुढचं प्रत्येक उत्तर एक घर खाली पडलं होतं. वर सरकवून मोजलं तर पोरगी पहिल्या वीसांत बसत होती. आम्ही हातानं तपासायचो तेव्हा असे कागद दिसले की बाजूला काढायचो, कोपऱ्यात चिठ्ठी लावायचो आणि शिपायाकडून पोराला निरोप धाडायचो. कुणी सरकला, कुणी सगळीकडं एकच गोल काळा केला, कुणाचा हात नेहमीपेक्षा जास्त दाबून चालला. हे काम आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही ते काम समजतही नव्हतो. यंत्र आलं आणि चिठ्ठ्या बंद पडल्या, हेसुद्धा आमच्या लक्षात आलं नाही.

गफूरभाई मोठ्या सरांकडं गेले आणि म्हणाले, "सर, एक दिवस द्या. नव्या बाईला देतो तसा." कागदामागं फिरायचा दिवस. आजवर त्यांनी तो सरांकडं मागितला नव्हता. मोठे सर वाईट नव्हते, हे मी मुद्दाम लिहिते. कंधारहून हातात एक पिशवी घेऊन आलेला माणूस, बारा पोरांना पत्र्याखाली शिकवून एवढा झालेला. ते निघाले. सरिताचा कागद हातात घेऊन भाई पुढं आणि सर मागं. हॉल, गठ्ठा, यंत्र, यादी, भिंत, बॅचची वही. शेवटी होस्टेलच्या खोलीत नेलं. एक रिकामी लोखंडी कॉट होती, तिच्यावर गादीची गुंडाळी. भाई म्हणाले, "कागद हितं संपला, सर."

सर कॉटवर बसले. म्हणाले, "पण भाई, खऱ्या परीक्षेतही यंत्रच असतं. तिथंही तिला शून्यच पडलं असतं."

"बराबर हाय. तिथं सांगायला कोण न्हाई. म्हणून तर हितं सांगायचं."

कुसुमबाई उत्तरपत्रिका घेऊन स्वतः किनवटला गेल्या. दोन दिवसांनी पोरीला घेऊन आल्या. काय बोललात, असं आम्ही विचारलं, तर म्हणाल्या, "काय बोलणार? म्हणलं, बाई, मी अख्खा गठ्ठा उलटा तपासला होता, मला कुणी काढलं न्हाई. तू तर एकच ओळ सरकलीस."

त्यानंतर खोलीचं काम बदललं. आकडे यंत्रानं काढायचे. कागद मात्र आमच्याकडं यायचे, आणि प्रत्येकीला ठरावीक पोरं वाटून दिलेली. आपल्या पोरांचे कागद बघायचे, आणि ज्याचं काही सरकलंय त्याला बोलावून समोर बसवायचं. कागद कुठून कुठं जाईल, कुणाला काय विचारायचं, कुणी आजारी पडली तर तिची पोरं कुणी घ्यायची, हे सगळं भाईंनी आमच्याकडूनच ठरवून घेतलं. एखादी गोष्ट विचारायला गेलं की म्हणायचे, "मला काय विचारता, शेजारणीला विचारा." आम्हाला वाटलं, म्हातारा आळशी व्हायला लागला.

चाचणीचा महिना संपता संपता मोठ्या सरांनी भाईंना बोलावलं. यंत्र पण आहे आणि माणसं पण तेवढीच, हे झेपणारं नाही. एक जागा तरी कमी करावी लागेल. कुठली, ते तुम्हीच लिहून द्या, तुम्ही या खोलीला ओळखता.

ही बातमी अर्ध्या तासात आमच्यापर्यंत आली. तो आठवडा मला आठवायला आवडत नाही. अकराजणी एकमेकींशी गोड बोलायला लागलो आणि एकमेकींचे गठ्ठे चोरून बघायला लागलो. जाणार तर कुसुमबाई, कारण वय झालं. नाहीतर मी, कारण सगळ्यात शेवटी आलेली. शुक्रवारी दुपारी खोली रिकामी बघून मी भाईंच्या टेबलापाशी गेले. म्हणाले, "भाई, कुसुमबाईंना आता नीट दिसत न्हाई. त्यांच्याकडनं गठ्ठा चुकला होता, तुम्हाला ठाऊकच हाय." ज्या बाईनं माझ्या पोरीला गोवर निघाला तेव्हा चार दिवस माझं काम ओढलं, तिच्याबद्दल मी हे बोलले.

भाईंनी पट्टी टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "आणि त्याच्या आधी काय झालं, शालनबाई?"

मी म्हणाले, "भीती वाटली."

"हाव," ते म्हणाले. "मलाबी वाटून राहिली. बसा, चहा घ्या." आम्ही चहा घेतला. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि मी घरी जाऊन रडले.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी सरांच्या टेबलावर पाकीट ठेवलं. दर शनिवारी ते नांदेडला घरी जायचे, तसेच निघाले. खांद्याला पिशवी. मी फाटकाशी उभी होते. तेवढ्यात मोठी बॅच सुटली आणि पोरापोरींचा लोंढा रस्त्यावर आला. भाई कडेला भिंतीला लागून उभे राहिले. सगळी पोरं पुढं जाऊ दिली. मग रस्ता मोकळा झाला तसे चालायला लागले.

सोमवारी मोठे सर हातात कागद घेऊन खोलीत आले. आम्ही उभ्या राहिलो. सरांनी बसा म्हटलं नाही, स्वतःही बसले नाहीत. कागदावर भाईंचं तिरकं अक्षर होतं आणि चारच ओळी. सरांनी वाचल्या. "मी महिनाभर या खोलीकडं बघितलं. इथं अकरा बायकांचं काम आहे, आणि ते आणखी वाढेल. दाराजवळच्या टेबलाचं काम आता उरलेलं नाही. ती एक जागा कमी करावी."

सर म्हणाले, "मी काल नांदेडला फोन केला. म्हटलं, भाई, असं करू नका. ते म्हणाले, आठ दिवस बघा. खोली एकदा जरी अडली, तरी मी परत येतो."

त्या आठ दिवसांत आम्ही जे काम केलं, ते तसं आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी माझ्या मनात आलं की एक गठ्ठा मुद्दाम चुकवावा. कुसुमबाईंच्याही मनात आलं असणार, कारण त्या एक कागद हातात धरून कितीतरी वेळ नुसत्या बसून होत्या. पण प्रत्येक कागदावर कुणाचं तरी नाव होतं. माझ्या हातातल्या कागदावरच्या पोराचं बोलणं आदल्या आठवड्यातच माझ्याशी झालं होतं, त्याला घरची आठवण येत होती. त्याचा कागद मी चुकवू शकले नाही. कुसुमबाईंनीही चुकवला नाही. दुपारी गठ्ठा उलटसुलट आला, तर आमच्यातली एक उठली, तो उचलला आणि हॉलकडं विचारायला गेली. गुरुवारी दोघी आजारी पडल्या, त्यांची पोरं शेजारणींनी घेतली. शनिवारी यंत्र बंद पडलं, तर आम्ही जुने पुठ्ठे काढले.

आठव्या दिवशी संध्याकाळी शेवटचा कागद पोराच्या हातात गेला. खोली एकदाही अडली नव्हती. दाराजवळची खुर्ची रिकामी होती, आणि एकही चूक न करता ती रिकामी ठेवली ती आम्ही अकराजणींनी. कुसुमबाईंनी टेबलावर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडायला लागल्या. त्यांना गप्प करावं असं आमच्यातल्या कुणालाच वाटलं नाही.